सरदाराचे डोळे

बाबाजी मूळचा पेणचा, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. आता आखातात, हमरियाच्या शेडमध्ये फायबरचे पुतळे रंगवायचा. हात असा, की माती पण लाजंल.

ऑर्डर होती एका स्पॅनिश हॉटेलची. घोड्यावरचा सरदार. डोळ्यांची आखणी तेवढी राहिलेली. ती झाली, पुतळा पास झाला, की बाबाजीला गणपतीची सुट्टी. विमान शुक्रवारचं.

पण पेणची रीत अशी, की ओळख नसलेल्याचे डोळे उघडायचे नाहीत.

"मॅडम, हा माणूस कसा होता?"

डिझाइनवाल्या सुनेत्रा मॅडम म्हणाल्या, "आठशे वर्षांपूर्वीचा. लढणाऱ्या साधूंच्या फौजेचा म्होरक्या. लग्न नाही, सगळ्यांनी एकत्र जेवायचं, कमरेचा पट्टा न सोडता झोपायचं."

"अरे, हा तर आपल्या मुहैस्नाच्या लेबर कॅम्पातला!" वेल्डर नूरुद्दीन हसला.

मॅडम पुढं सांगू लागल्या, "त्याच्याच लोकांनी त्याला काढलं. दुसऱ्या फौजेनं बोलावून म्होरक्या केला. मग पहिल्यांच्या किल्ल्याला वेढा पडला, तर हा नवी माणसं घेऊन त्यांनाच सोडवायला गेला."

"ज्यांनी हाकललं त्यांना?" बाबाजीनं टोपी काढली. "वा रे वाघा!"

आणि तंद्रीत ब्रश फिरला. झाला की घोटाळा! हाताला सवय गणपतीची. नजर खाली, समोर बसलेल्यावर. ड्रॉइंगमध्ये सरदार लांब, शत्रूकडे बघत होता.

"बाबाजी, क्लायंट गेटवर आलाय हो," मॅडम दाराकडे बघत म्हणाल्या.

पुसायचं तर अख्खा चेहरा परत. शुक्रवारचं विमान चुकणार.

म्हातारा स्पॅनिश मालक आला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. 

बाबाजी पुढं झाला. "मॅडम, सांगा त्याला. चूक माझीच. पुसून देतो, सुट्टी गेली तर गेली. एवढ्या मोठ्या माणसाचं खोटं तोंड नको."

मॅडमनी सांगितलं. म्हातारा घोड्यासमोर खाली स्टुलावर बसला, वर बघत राहिला. मग सावकाश काहीतरी बोलला.

मॅडमचे डोळे भरले. "म्हणतायत, शत्रूकडे बघणारे पुतळे आमच्या गावोगाव आहेत. हा आपली माणसं परत आली का ते बघतोय. हात लावू नका."

"खलास! यल्ला, चल, बॅग भर!" नूरुद्दीननं पाठीत धपका घातला. "पण बाबाजी, घरच्या गणपतीला तेवढे सरदाराचे डोळे काढू नकोस!"

"काढीन की," बाबाजी ब्रश पुसत म्हणाला. "देवाला चालंल. तो पण माझीच वाट बघतोय."