लालीचा ताप

धनश्री सोमवारी सकाळी हजीऱ्याच्या कारखान्याच्या गेटवर वेळेआधी पोचली, आणि रस्ताभर गाडीचा उष्णतेचा काटा अर्ध्याच्या वर चढला नाही. हे वाक्य कृपया विसरावं. असं काही झालेलं नाही. आज रविवार आहे, सुरतेतल्या डिंडोलीत घरासमोर गाडीचं बॉनेट उघडं आहे, रेडिएटरमधून वाफ येतेय, आणि शेजारच्या जयश्रीकाकूंनी त्या वाफेवर ढोकळा लावता येईल का, असं अगदी प्रामाणिकपणे विचारलंय.

गाडी लाल, म्हणून घरात तिला लाली म्हणत. सपाट रस्त्यावर ती गुणी होती. पुलाचा चढ दिसला की खोकायची, दचके द्यायची, आणि चढ संपता संपता उकळायची.

धनश्रीला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या हजीऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. बस बदलत बदलत जाता आलं असतं, पण सकाळची पाळी गाठायला आदल्या दिवशीच निघावं लागलं असतं. आणि सासरे, म्हणजे छगननाना, यांनी निकाल देऊन टाकला होता. नाना जन्मभर मागांवर जॉबर होते. माग बिघडला की मालक आधी नानांना हाक मारी, मग देवाला. अशा माणसाचा निकाल घरात फिरत नसतो.

"आज सांजलोंग गाडी बरी व्हयनी तर जा," नाना म्हणाले. "नही तर ऱ्हाऊ दे नोकरी. सून रस्तावर वाफ सोडत उभी ऱ्हायनी तर लोके काय म्हनतीन?"

"वाफ गाडी सोडेल, नाना. मी नाही."

"लोकेस्ले लांबून काय समजस?"

लालीला आधी दोन मेकॅनिक पाहून गेले होते. पहिल्याने उष्णतेवर इलाज केला. रेडिएटर धुतला, पंखा बदलला. दुसऱ्याने पेट्रोलवर केला. कार्बोरेटरचे स्क्रू कंटाळा येईपर्यंत फिरवले. पण एकानेही दुसऱ्याच्या खात्यात ढवळाढवळ केली नाही. सुरतेत एवढी शिस्त वाहतुकीत असती तर!

धनश्रीने बाह्या सावरल्या आणि प्लग काढला. टोक खडूसारखं पांढरं.

"हे बिस्किटासारखं खरपूस पाहिजे," ती नवऱ्याला म्हणाली. "पांढरं म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. लाली उपाशीपोटी धावतेय."

योगेंद्र मार्केटमध्ये साड्यांचे फोटो काढायचा, त्यामुळे पांढऱ्यातल्या छटा त्याला कळत होत्या. बाकी काही कळत नव्हतं. "उपाशी असेल तर गार पडायला पाहिजे. तापते कशाला?"

"तुम्हाला जेवण उशिरा वाढलं की काय होतं, ते आठवा."

योगेंद्रला आठवलं.

तिने इंजिन चालू केलं. चोक ओढला, म्हणजे पेट्रोल वाढवलं, की लाली गोड चाले. चोक आत ढकलला की ठसका. आणि पाणी रोज कमी होई, पण खाली जमीन कोरडी ठाक.

"हवा बाहेरून आत शिरतेय, पाणी आतल्या आत गायब होतंय," धनश्री म्हणाली. "चोर दोन नाहीत हो. भिंत एकच फुटलीय." तिने इंजिनाच्या कुशीतल्या जाड नळकांड्यावर बोट ठेवलं. हवा आणि पेट्रोल तिथूनच आत जायचं, आणि त्याला लागूनच गरम पाणीही फिरायचं. दोघांचा सांधा एकच होता.

"तठे हात नको लावू!" नाना खाटेवरून ओरडले. "ते मी दिवाईले पॅक करेल शे. एकदम टाइट."

आता धनश्रीची खात्रीच पटली. तिने अगरबत्ती मागवली.

सासूबाई, म्हणजे सरलाबाई, अगरबत्ती म्हणून आख्खं ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, नारळ. लालीला बाहेरची बाधा आहे हे त्या केव्हापासून सांगत होत्या, आज कुठे शिकलेल्या सुनेला पटलं होतं. योगेंद्र वाळूची बादली धरून अग्निशमन दलासारखा उभा राहिला. धनश्रीने अगरबत्ती कार्बोरेटरपासून लांब राखत सांध्याच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात होता. सरळ, सरळ, आणि एका जागी अचानक मान वाकवून फटीत शिरला.

"देवीनं घेतलं!" सरलाबाईंनी हात जोडले.

"इंजिनानं घेतलं, आई."

"नाव काहीबी ठेव. घेतलं ना?"

लाली गार झाल्यावर तिने नट काढले आणि सांध्यातली फट बुजवणारं गॅस्केट अलगद सोडवलं. जाड पुठ्ठ्याचं होतं. उन्हात धरलं, तर त्यातून उजेडाचे बारीक गोल ठिपके तिच्या ओढणीवर पडले. ओळीने, शिस्तीत.

नाना खाटेवरून उठून जवळ आले. त्यांनी पुठ्ठा हातात घेतला आणि त्यांचा चेहरा पहिलं नातवंड पाहावं तसा झाला.

"हाई तं मना मोरबुट्टा शे," ते म्हणाले.

जेकार्डच्या मागाला डिझाइन असं पुठ्ठ्यावरच्या भोकांनी सांगतात. कुठलं भोक, त्यावरून कुठला धागा वर. दिवाळीत दुकानं बंद म्हणून नानांनी आपल्या हयातीतल्या सर्वांत उत्तम डिझाइनच्या, मोराच्या बुट्ट्याच्या, पुठ्ठ्यातून गॅस्केट कापलं होतं. मोठी भोकं मिलिमीटरला मिलिमीटर बरोबर. बारीक भोकं बुजवायची त्यांच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर ज्या भोकांवर घर चाललं, ती कोण बुजवतं?

धनश्रीने हसू ओठांतच दाबलं. चूक कुणाची ते अंगणात सगळ्यांना दिसत होतं, आणि उद्या जायचं की नाही हे त्याच माणसाच्या जिभेवर होतं. ती हसली असती तर नाना खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले असते, आणि त्यांच्याबरोबर नोकरीही.

"नाना, कटिंग एक नंबर आहे," ती म्हणाली. "फक्त लाली मोर विणायला बसली. धावायचं राहून गेलं."

नानांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "पुठ्ठा चांगला शे. डिझाइन चुकी गये. साधा पट्टा लेवाले पाहिजे व्हता."

"पुठ्ठाच नको. चला, काकूंच्या स्कूटरवर बसा. पर्वत पाटियाला जाऊ."

नाना बसले. पर्वत पाटियाच्या पार्ट्सवाल्याने गाडीचं नाव ऐकून चष्मा कपाळावर चढवला. "आ गाडी हजु जीवे छे?"

"जीवे छे," नाना ताठ्यात म्हणाले. "ने काले हजीरा जवानी छे."

इतके दिवस घरात मराठीत मागून न मिळालेली हजीऱ्याला जायची परवानगी धनश्रीला अशी दुकानदारामार्फत, गुजरातीत मिळाली. तिने दोन गॅस्केटं घेतली. एक लालीला आणि एक नानांना, पुढच्या वेळी कापताना समोर ठेवून बघायला.

दिवेलागणीला सांधा बसला, पाणी भरलं, चोक आत गेला. लाली भरल्या पोटी घुरघुरत राहिली. पुलाच्या चढावर नानांनी स्वतः बसून दोन फेऱ्या मारल्या, लाली खोकली नाही की उकळली नाही, तेव्हा त्यांनी आत जाऊन कागद मागितला. सकाळी धनश्रीच्या हाती साहेबांना द्यायचा जो अर्ज पडला, तो असा:

"मा. व्यवस्थापक साहेब यांस. विषय: कारखान्याच्या स्थलांतराबाबत. महोदय, सविनय सादर की, अर्जदारास सुनेच्या नोकरीबाबत कोणतीही हरकत नाही. हरकत फक्त अंतराबाबत आहे. सबब, सदर कारखाना लगतच्या समुद्रासह डिंडोली येथे हलवण्यात यावा. आमच्या गल्लीच्या टोकाचा प्लॉट मोकळा असून तेथे तूर्त म्हशी बसतात. त्यांची समजूत अर्जदार स्वतः काढेल. सदर बदल आजची पाळी सुटण्यापूर्वी करावा, म्हणजे सुनेस परतीचा रस्ता पडणार नाही, ही नम्र विनंती."