दिदेरूच्या पेटीवरचा ऑक्टोपस

क्रीटच्या डोंगरात शेळ्या राखणारा दिदेरू गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार कुपानू गाढवावर त्याला पुरायची मातीची पेटी घेऊन दारात आला. वरचं गवत बाजूला केलं तशी दिदेरूची लेक अरानारे बघतच राहिली. पेटीवर एक भलामोठा ऑक्टोपस पसरला होता. गोल डोळे, आणि कडेपर्यंत गेलेले वळणावळणाचे हात.

"कुपानूकाका, तुम्ही घर चुकलात," ती म्हणाली. "ही कुणा कोळ्याची असेल."

"चुकलो कसा? तुझ्या बापाचीच आहे. द्राक्षं तुडवायच्या दिवसांत स्वतः येऊन सांगून गेला."

"माझे बाबा? ते समुद्राकडे तोंडसुद्धा करायचे नाहीत. घरात मासळी शिजली तर बाहेर जाऊन जेवायचे!"

"ते मला काय माहीत? त्याने सांगितलं, मी काढलं. मागची बाजू बघ."

मागच्या बाजूला पिल्लाला पाजणारी शेळी होती.

"म्हणाला, एका अंगाला शेळी काढ. नाहीतर पोरगी भांडेल."

अरानारेला हसावं की रडावं कळेना. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या, म्हणजे दिदेरूची थोरली बहीण, आधीच तोंड वाकडं करून उभी होती.

"आत्या, बाबा कधी समुद्रावर गेले होते का गं?"

"तुझी आई यायच्या आधी एक उन्हाळा घरातून गायब होता. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, शेळी हरवली होती. उन्हाळाभर कुणाची शेळी हरवते का? आता मला नको विचारूस."

दिदेरूला तेल लावून, गुडघे दुमडून पेटीत निजवलं. शेजारच्या चौघांनी पेटी उचलून टेकडीत खोदलेल्या थडग्यात नेली. आत अरानारेच्या आईची पेटी होती, पाणपक्षी आणि लव्हाळे काढलेली. अरानारेने दिवा धरून ती नीट न्याहाळली. काही उलगडलं नाही.

"बोल लवकर, खांदे गेले आमचे," पुढचा माणूस म्हणाला. "कुठली बाजू भिंतीकडे?"

"शेळीची बाजू बाहेर ठेवा," आत्या म्हणाली. "पुढे कुणाला ठेवायला थडगं उघडलं की लोक बघतील, नावं ठेवतील."

"थांबा." अरानारे कुंभाराकडे वळली. "काका, बाबा आणखी काही बोलले होते?"

कुपानूने डोकं खाजवलं. "विचारत होता, हा ऑक्टोपस झोपतो तेव्हा हात जवळ घेतो की पसरूनच ठेवतो? मी म्हटलं, बाबा रे, मी कुंभार, मला काय ठाऊक!"

अरानारेने दिवा पेटीवरच्या ऑक्टोपसजवळ नेला. ज्या माणसाला रोज भाकरी वाढली त्याच्या मनात हे असलं होतं, आणि त्याने ते कुंभाराला विचारलं.

"शेळी भिंतीकडे," ती शेवटी म्हणाली.

"अगं, वेड लागलं का तुला?" आत्या खेकसली.

"माहीत नाही, आत्या."

पेटी तशीच ठेवली. वर झाकण बसवलं, द्राक्षारस ओतला, तोंडाशी दगड रचले. आत्या तरातरा पुढे उतरून गेली. अरानारेने दोनदा थांबून मागे पाहिलं, आणि घरी गेल्यावर शेळ्यांचं दूध काढायचं सोडून बराच वेळ नुसतीच गोठ्यात उभी राहिली.