तिसरा शब्द

आईने आरसा साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, ठकीची हनुवटी धरून तिचं तोंड आरशाकडे वळवलं आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या नाकाच्या कडेला लावलं.

"न," आई म्हणाली. मग तेच बोट हनुवटीखाली दाबलं. "को."

"दो," ठकी म्हणाली.

"नको."

"मो-ओ."

मघाशी 'तो' झालं होतं, त्याआधी 'अको'. चुकायचंच तर एकदा काय ते ठरवून चूक ना बाई, म्हणजे कुठे धरायचं ते तरी कळेल. पण दर खेपेला नवीनच काहीतरी. थेरपिस्टबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोरीला कळतं सगळं, शब्द डोक्यात तयार असतो, पण ऐन वेळी ओठ आणि जीभ यांचं जुळत नाही. म्हणून बोट लावून वाट दाखवायची. दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं.

पाच मिनिटांत काय डोंबल होणार? शाळा सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते. मुख्याध्यापिका तशा चांगल्या होत्या, म्हणजे गोड बोलून अडवणाऱ्या होत्या. "पाणी, शू आणि नको," त्यांनी तीन बोटं वर केली होती. "एवढं सांगता आलं तर घेते. वर्गात पस्तीस मुलं असतात. कुणी ढकललं, कुणी डबा ओढला, तर तिला नको म्हणता यायला हवं." पाणी आणि शू कसंबसं आलं होतं. नको मात्र हटून बसलं होतं.

मग आईने वेळेचा हिशेबच सोडून दिला. आंघोळ घालताना बोट, वेणी घालताना बोट, घास भरवताना बोट. ठकीने मान हलवली की आई म्हणायची, "मानेने नाही, तोंडाने सांग." तोंडाने काही यायचं नाही, आणि तो घास ठकीला खावाच लागायचा.

"अगं, जरा दम तरी खाऊ दे तिला," नवरा दारातून म्हणाला.

"मग तू घे ना शिकवायला. शाळेत तू बसणार आहेस का तिच्या शेजारी?"

त्याने चपला घातल्या आणि कामावर गेला. त्याचं बरं होतं.

सत्तेचाळिसाव्या वेळी 'नो' आलं. अठ्ठेचाळिसाव्या वेळी काहीच आलं नाही. आईने आरसा पालथा घातला.

"जा, खेळ जा. माझंच डोकं फिरलंय."

ठकी बाहुली घेऊन जमिनीवर बसली. आईने भांडी आदळत घासली, आणि शेवटची कढई होईतो राग निवला. वळून बघितलं तर ठकीच्या गालावर घामाने एक बट चिकटली होती. आईला एकदम भरून आलं. पाच वर्षांचं लेकरू, सकाळपासून नुसतं पिळून काढलंय आपण. हात पुसत ती जवळ जाऊन बसली आणि बट कानामागे सारायला हात पुढे केला.

ठकीने तोंड बाजूला घेतलं.

"नको," ती म्हणाली.

अगदी स्वच्छ. न सुद्धा आणि को सुद्धा.

"अगं माझी राणी ती," म्हणत आईने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरायला घेतलं.

"नको." ठकीने बाहुली मध्ये धरली.

आईचे हात तसेच राहिले. मग तिने उठून थेरपिस्टबाईंना फोन लावला.

"म्हणाली हो. दोनदा. बोट न लावता."

"अरे वा. कुणाला म्हणाली?"

"मला."

"छान झालं. आणि तुम्ही थांबलात ना? तिने नको म्हटलं की आपण थांबायचं, नाहीतर तिला वाटेल या शब्दाचा काही उपयोगच नाही."

"दुसऱ्या वेळी थांबले."

"चालेल. आता तक्त्यात लिहून ठेवा. कशाला नको म्हणाली, तेही."

आईने फ्रिजवरचा तक्ता काढला. तारीख घातली, तिसऱ्या शब्दापुढे दोन खुणा केल्या. 'कशाला' या रकान्यात तिने 'केस' असं लिहिलं. मग ते खोडून 'आईचा हात' असं लिहिलं.

बट अजून ठकीच्या गालावरच होती. आई परत तिच्या शेजारी जाऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली घालून.