एकशे अडुसष्टची सावली

समरूप आकृत्यांचा धडा तिसऱ्या दिवशीही पालथ्या घड्यावर पाणी ठरला, तेव्हा गणिताच्या बाईंनी हातातला खडू ठेवला आणि अख्खी सातवी मैदानात नेली.

"कोन तेच, बाजू सगळ्या एकाच पटीत लहान किंवा मोठ्या, की आकृत्या समरूप. आत्ता ऊन सगळ्यांवर एकाच कोनातून पडतंय. म्हणजे उंचीला सावलीचं प्रमाण सगळ्यांचं सारखंच. करा मोजायला सुरुवात!"

मीटरभर काठीची सावली पंच्याहत्तर सेंटिमीटर भरली. गोलच्या खांबाचं गणित जुळलं, वर्गातल्या पैलवानाचं जुळलं, झाडांना पाणी घालणाऱ्या माळीकाकांचंही जुळलं. पोरांची कळी खुलली.

शेवटी चिमणी उभी राहिली. वर्गात सर्वांत बुटकी, एकशे बत्तीस. सावली नव्व्याण्णव यायला हवी होती. आली एकशे सव्वीस.

"बाई, हिनं सावली उसनी आणलीय!" कुणीतरी खिदळलं.

बाईंनी स्वतः टेप धरली. एकशे सव्वीस. काठीची सावली पुन्हा मोजली, पंच्याहत्तरच. सवयीनं त्यांनी उलटं गणित मांडलं आणि भर उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला. कोन काही खोटं बोलत नाही. त्या जागी एकशे अडुसष्ट सेंटिमीटर उंचीचं कुणीतरी उभं होतं.

"मला माहितीये, बाई," चिमणी हळूच म्हणाली. "ओरडू नका हं तिला."

शाळा सुटल्यावर बाई तडक तिच्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात गेल्या. विषय कसा काढावा ते सुचेना.

"तुमच्या घरात एकशे अडुसष्ट उंचीचं कोण आहे हो?"

शिंप्याचं मशीन थांबलं. "चिमणीची आई होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन. का?"

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो मैदानात आला. बाईंचं डोकं फिरलंय, असंच त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. लेकीला उन्हात उभं करून त्यानं टेप लावली, आकडा वाचला आणि सावलीच्या खांद्यापाशी उकिडवा बसला. बोटानं खांद्याची रेघ मापली.

"डावा खांदा उतरता आहे," तो म्हणाला. "तिचे ब्लाऊज मी तेवढं सावरूनच शिवायचो. पोरीचे खांदे सरळ आहेत, बाई."

मग तो उठला आणि सावलीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं निघून गेला.

बाईंनी याबद्दल कुणाजवळ ब्रही काढला नाही. दर वर्षी मात्र त्या चिमणीला एकटीला बोलावून मोजायच्या. पोर वाढत गेली. सावली एकशे अडुसष्ट उंचीचीच राहिली, ना बोटभर जास्त, ना कमी.

दहावीच्या शेवटाला चिमणी स्वतःच एकशे अडुसष्ट झाली; दप्तराच्या ओझ्यानं तिचा डावा खांदाही आता आईसारखाच उतरला होता. गणित तंतोतंत जुळलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंच्या जिवात जीव आला.

"सुटले गं बाई!" त्या म्हणाल्या.

चिमणी मात्र पायाखाली बघत रडायला लागली.

"आता मला कळणार कसं, बाई? ती आहे, की गेली?"

बाई टेप गुंडाळत राहिल्या.