भिंगाला लावलेलं कुंकू

मित्रांनो, माझी पितळी नळी आता काळवंडली आहे; पण मी सूक्ष्मदर्शक आहे आणि माझी नजर अजून पक्की आहे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. धाडजवळच्या एका खेड्यातल्या शाळेला सरकारने अनुदान दिलं. कशासाठी? तर मुलांकडून कॉलेजच्या विज्ञानाची तयारी करून घेणारा खास वर्ग चालवायला! त्याच अनुदानातून मी आलो. मलकापूर स्टेशनावर उतरलो आणि एसटीच्या टपावर धक्के खात गावात पोचलो. मला बघायला निम्मं गाव लोटलं.

हेडमास्तर महादेवरावांना तर मला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं. "पोट्टे फोडतीन याले," म्हणत त्यांनी मला कपाटात कुलूपबंद केलं. खंडेनवमीला तेवढं बाहेर काढलं, झेंडू वाहिला आणि वरच्या भिंगालाच कपाळ समजून ओलं कुंकू लावलं. पुन्हा कुलूप! मला फार वाईट वाटलं. दाखवणं हाच माझा जन्म, आणि माझ्याच डोळ्यात कुंकू.

एके सकाळी सरकारी तपासनीस वर्ग बघायला आले. त्यांनी मला कपाटातून काढायला लावलं आणि डोळा लावला. काही म्हणता काही दिसेना.

"हे कुणी वापरलेलंच नाही. मग पुढचं अनुदान कशाला द्यायचं?"

महादेवराव नुसतीच डोक्यावरची टोपी सारखी करू लागले. वर्ग बंद पडला असता, तर मजुरी करणाऱ्या दयारामच्या लेकीचं, याच वर्गातल्या पंचफुलाचं, कॉलेजचं स्वप्न तिथेच संपलं असतं. तीच उभी राहिली.

"साहेब, थांबा नं जरासक. मले पुसू द्या."

"तुला हे लावता येतं?"

"नाई येत. पण पुस्तकात चित्र हाये नं."

तिने ओल्या फडक्याने माझं भिंग हलकेच पुसलं. जेवणाच्या डब्यातल्या कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, आरशाने ऊन आत घेतलं आणि माझ्या बाजूचं चाक फिरवत राहिली. एकदम तिचा श्वास थांबला.

"अगं माय! सर, एवढुशा सालीत खोल्याच खोल्या हायेत!"

महादेवराव वाकले. त्यांनी माझी पूजा केली होती, पण डोळा आज पहिल्यांदा लावला. किती वेळ ते उठलेच नाहीत. उठले तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती.

"रोज भाकरीसंगं खाल्ला हा कांदा," ते पुटपुटले, "अन् पाह्यला आज."

तपासनीसांनीही पाहिलं. मग म्हणाले, "वर्ग चालू राहील."

पंचफुला पुढे अमरावतीला विज्ञान शिकायला गेली. मित्रांनो, मला पुसा, जपा; पण कपाटात ठेवून जपू नका. तुमच्यातल्या कुणाचा तरी श्वास पंचफुलासारखा थांबायचा अजून बाकी आहे.