अकुशल महागूची हाक

धरा

भरवेलीच्या मँगनीज खाणीत ट्रॉलीचे रूळ सरकवायचे असले की आधी महागूला शोधत. ताकदीसाठी नव्हे, अंगानं तो बेताचाच होता. आवाजासाठी. लोखंडी रूळ दहा-बारा जणांनी एका दमात उचलला तर उचलतो. एकजण जरी अर्धा श्वास मागे राहिला, तर तो कुणाच्या तरी पायावर येतो. तो एक दम महागूच्या घशात होता. "धरा" म्हणायचा, मग "उचला", मग "पुढं", मग "ठेवा". या चार शब्दांच्या मधल्या जागेत, समोर जो असेल त्याची टिंगल भरायचा.

"टिकारामची सासू..."

"हैस्सा."

"माहीबी सासू..."

"हैस्सा."

"दोन जवई आले..."

"हैस्सा."

"एकच वाटी पेज..."

आणि रूळ हसत हसत पुढं जायचा.

टिकाराम त्याचा साडभाऊ. रामपायली गावच्या दोन बहिणी, मैनाबाई महागूच्या घरी आली आणि धाकटी चंपाबाई टिकारामच्या. टिकारामही त्याच टोळीत होता, महागूच्या हाकेवर रूळ उचलणारा. पण त्यानं आधी गोंदियाला राइस मिलमध्ये काम केलं होतं, तिथून तो हिंदी घेऊन आला होता. बाजारातली हिंदी महागूलाही यायची. टिकारामला कचेरीतली यायची. त्यामुळे वाटणीच पडून गेली होती: साहेबाशी टिकाराम बोलणार, रुळाशी महागू.

एकाहत्तरच्या थंडीत पूर्वेकडं लढाई पेटली. टिकाराम बालाघाटहून सायकल हाणत आला आणि सायकल उभी करायच्या आधीच बोलायला लागला.

"फौजेच्या रेल्वेले माणसं पायजेत. पलीकडे पूल पाडले, लाइन उखडली. ते जोडाले गँग घेऊन राह्यले. आन आयक, लढाई सरली की रेल्वेत पक्कं करणार हायेत. छोट्या लाइनीवर. क्वार्टरसकट."

"सब्बन लोकायले?" महागूनं विचारलं.

टिकारामनं सायकलची साखळी न्याहाळली. "हौ त," तो म्हणाला.

क्वार्टर. हा शब्द मैनाबाईनं आतून ऐकला. तिला दिवस गेले होते. मागच्या खेपेला पावसाळ्यात झोपडीत पाणी शिरलं होतं आणि ओल्या जमिनीवर जन्मलेलं मूल महिनाभरही टिकलं नव्हतं. रेल्वेच्या क्वार्टरला विटांची भिंत असते, फरशी असते. ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "जा. पण माह्या बाळंतपणाच्या आंधी ये."

म्हणजे महागूला दोन गोष्टी हव्या होत्या. पक्की नोकरी, आणि वेळेवर घरी येणं. यापेक्षा जास्त काही त्यानं कुणाकडं मागितलं नव्हतं.

उचला

भरती बालाघाट स्टेशनच्या मालधक्क्यावर होती. लांबलचक रांग. पुढं टेबल, टेबलामागं साहेब, आणि रांगेच्या तोंडाशी एक हवालदार प्रत्येकाला एकच शब्द विचारून उजवीकडं नाहीतर डावीकडं लावत होता. इंजिन वाफ सोडत होतं, नीट ऐकू येत नव्हतं.

"काय विचारून राह्यला तो?" महागू म्हणाला.

"कुशल का अकुशल, असं."

"मंजे?"

"घरचं. चिठ्ठीत नाही का लिहीत, इकडं सारं कुशल म्हणून. तसं."

"हे काहून विचारते?"

टिकारामनं जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ज्याचं घरी सारं बरं, तो कुशल. त्याले शेवटपर्यंत ठेवते. ज्याचं घरी आजारपण, अडचण, तो अकुशल. त्याले पह्यले सोडते. तुही बायको पोटुशी. तू अकुशल सांग."

"आन तू?"

"चंपीले काय झालं? तिनं त सकाळीच मले शिव्या देल्या. एकदम कुशल हाये."

महागू हसला. मग तो शब्द मनात घोळवू लागला. खाणीत माणसं दोनच प्रकारची, कारीगर आणि ओझी वाहणारे बेलदार. कुशल हा शब्द त्यानं फक्त चिठ्ठ्यांत ऐकला होता, दुसऱ्यानं वाचून दाखवताना, आणि तो नेहमी पहिल्या ओळीत यायचा. ती ओळ ऐकली की ऐकणारे श्वास सोडत. आता त्या शब्दाच्या आधी

अ

लावून तो चारचौघांत मोठ्यानं बोलायचा होता, आणि घरी बाई गरोदर. जीभ रेटत नव्हती.

"तू मोठा. तू पुढं हो," टिकारामनं त्याला मानानं पुढं केलं.

"कुशल?" हवालदारानं विचारलं.

महागूनं मनात म्हणून घेतलं, तिचं नाही, माझं. आणि मोठ्यानं बोलला, "अकुशल."

त्याला डावीकडं लावलं. मागं टिकाराम काय बोलला ते वाफेत विरून गेलं.

पुढं

जिथं नेलं तिथं पाणीच पाणी होतं. धानाची शेतं बालाघाटसारखीच, पण मधूनमधून नदी. पूल मोडून पाण्यात गुडघे टेकून बसलेले. रूळ वाकून उभे राहिलेले. बिहारचे, बंगालचे, ओडिशाचे मजूर, आणि हे भरवेलीचे. पहिल्याच सकाळी टोळीचा मेट, म्हणजे मुकादम, म्हणून टिकारामला उभं केलं. हातात झेंडी दिली, दंडावर पट्टी बांधली.

महागू पाहत राहिला. "तू मेट कसा झाला गा?"

"ज्याचं घर कुशल त्याचं ध्यान कामात राह्यते. म्हून त्याईले मेट करते."

महागूला हे पटलं. नुसतं पटलं नाही, सरकारचं कौतुक वाटलं. इतका विचार कोण करतं.

टिकाराम झेंडी धरून उभा राही, आणि हाक महागू देई. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. टिकारामनं एकदा स्वतः हाक दिली तेव्हा रूळ जमिनीवरून निघालाच नाही. महागूनं दिली तेव्हा निघाला. ओडिशावाल्यांना मराठी कळत नव्हती, पण टिकारामच्या सासूची वाटीभर पेज त्यांना पाठ झाली. तोफा दूर गडगडत आणि नदीच्या काठानं माणसं "हैस्सा, हैस्सा" करत रूळ वाहत.

एक दिवस साहेब लाइन पाहायला आला. टिकारामला वाटलं, साहेबासमोर हाक मेटनंच द्यावी. त्यानं "धरा" म्हटलं, "उचला" म्हटलं, आणि पुढं नेता नेता साहेबाकडं पाहत मधेच "ठेवा" म्हणून बसला. निम्म्यांनी सोडला, निम्म्यांनी धरून ठेवला. एका बिहाऱ्याच्या पायाची बोटं सापडली.

"किसने बोला?" साहेबानं विचारलं.

टिकाराम झेंडी गुंडाळत होता. महागूला चंपाबाईची आठवण आली, आणि मैनाबाईचीही. तो पुढं झाला.

"मैंने, साहब. मेरी हाक चुकी."

साहेब बरंच बोलला. हवालदारानं मधे पडून म्हटलं, "जाने दीजिए साहब, अकुशल आदमी है."

महागूचे डोळे भरून आले. इतक्या माणसांत, इतक्या धामधुमीत, या परक्या माणसानं आपल्या घरची अडचण ध्यानात ठेवली. त्या दिवसापासून हवालदार दिसला की तो मुद्दाम थांबून रामराम करायचा. हवालदारही हसून मान हलवायचा, का ते त्यालाही ठाऊक नसावं.

लढाई थांबली. लाइनीचं काम मात्र चालूच होतं. मग एका सकाळी हुकूम आला: अकुशल सारे गाडीत बसा, घरी जा. महागू धावत टिकारामकडं गेला.

"तू म्हटलं तसंच झालं, साडभाऊ. पह्यले आमालेच सोडलं."

"मी काय खोटं बोलतो?"

"तुले अजून थंडीत रहा लागन." महागूनं आपलं घोंगडं काढून त्याच्या खांद्यावर टाकलं. "हे ठेव. मले गाडीत काही नाही लागत."

टिकारामनं ते ठेवून घेतलं.

ठेवा

महागू वेळेवर पोचला. मुलगी झाली. ठणठणीत, काळीसावळी, बापासारखी मोठ्या आवाजाची. मैनाबाई भिंतीला टेकून बसायला लागली तसा महागू बालाघाटला गेला. खाणीतली त्याची जागा भरली गेली होती, बदलीवर बोलावलं तर काम. पण त्याला घाई नव्हती. आता पक्कं व्हायचं होतं.

रेल्वेच्या कचेरीत एक बाबू बसला होता.

"फौजी रेल में थे? किसमें, कुशल में कि अकुशल में?"

"तब अकुशल था, बाबू," महागू आनंदानं म्हणाला. "अब कुशल हूं. घरवाली का सब निपट गया, लड़की हुई. दोनों चंगे हैं."

बाबूनं पेन खाली ठेवला. हा माणूस चेष्टा करतोय का ते पाहिलं. मग शेजारच्या टेबलाला म्हणाला, "सुनो सुनो. भैया, फिर से बोलना."

महागूनं पुन्हा सांगितलं. शेजारचा इतका हसला की त्याला खोकला आला. पहिला बाबूही हसणार होता, पण त्याचं लक्ष महागूच्या चेहऱ्याकडं गेलं. त्यानं आवाज खाली आणला.

"देखो. कुशल माने कारीगर. जिसको काम आता है. उन्हीं को पक्का कर रहे हैं. अकुशल माने जिसको काम नहीं आता."

"मले येते," महागू म्हणाला.

"मतलब?"

"काम. मले येते."

"तो अकुशल किसने बोला?"

महागूच्या डोळ्यांपुढं मालधक्का आला. वाफ. खांद्यावरचा हात. तू मोठा, तू पुढं हो. पुढं हवालदार आला, ज्याला त्यानं इतके रामराम घातले होते. घोंगडं आलं.

"मीच," तो म्हणाला.

घरी त्यानं मैनाबाईला सांगितलं. ती पोरीला थोपटू लागली. मग म्हणाली, "चंपीले माहीत असन?"

तो प्रश्न त्या घरातच राहायला लागला.


उन्हाळ्यात टिकाराम आला. खाकी कपडे, पायात बूट. छोट्या लाइनीवर पक्का झाला होता, नैनपूरकडं क्वार्टर मिळालं होतं, चंपाबाईला न्यायला आला होता. पहिल्यांदा महागूच्याच दारात आला. हातात पोरीसाठी झबलं.

"काय महागूभाऊ, सारं कुशल ना?"

महागू खाटेवर बसला होता. तो उठला नाही. "बस. कुशल मंजे काय गा, साडभाऊ?"

टिकारामनं झबल्याची घडी उलगडली. पुन्हा घातली.

"दोन्ही होते ना," तो म्हणाला. "चिठ्ठीत लिहीते तेबी होते. ते दुसरंबी होते."

"तुले कोणतं माहीत होतं?"

"मी खोटं बोललो काय? तुले पह्यले सोडन म्हटलं, सोडलं का नाही? बाळंतपणाले घरी होता का नाही तू? पोरीचं तोंड पाह्यलं. मी तिथं चिखलात मेलो."

महागूनं मनात मोजून पाहिलं. सोडलं होतं. घरी होता. टिकारामनं नुसतं खोटं बोलून फसवलं असतं तर बरं झालं असतं, धरायला काहीतरी कोपरा राहिला असता.

"एका टोळीले एकच मेट घेत होते," टिकाराम हळू बोलला. "तू उभा असतांनी मले कोण घेतलं असतं?" मग सावरून, जणू काही आणायचंच राहिलं होतं असं म्हणाला, "तू येना माह्या टोळीत. हंगामी घेतो तुले. माह्याकडून लोकं आयकत नाही. तू फक्त हाक देजो."

आतून मैनाबाई बाहेर आली. तिनं टिकारामच्या हातातलं झबलं घेतलं, त्याच्याच पिशवीत ठेवलं आणि पिशवीचे बंद बांधून दिले.

तरीही चंपाबाई ज्या दिवशी निघाली त्या दिवशी महागू-मैनाबाई दोघं स्टेशनावर गेली. बहीण होती. सामानात तांदळाची लोखंडी कोठी होती, माहेरची, भरलेली. ती ब्रेकच्या, म्हणजे गार्डजवळच्या सामानाच्या डब्यात चढवायची होती. जुन्या टोळीतले दोघे पोचवायला आले होते, ते आणि टिकाराम, आणि चौथा कोपरा महागूनं धरला. त्यानं आपणहून धरला.

चौघे वाकले. आठ हात कोठीच्या काठाला लागले. आणि सवयीनं तिघांनी मान वर करून महागूकडं पाहिलं.

महागू कोठीकडं पाहत होता.

"दे ना गा," टिकाराम म्हणाला.

गार्डनं झेंडी काढली. शेजारच्या डब्याच्या दारात चंपाबाई उभी होती, ती बहिणीकडं पाहत होती. मैनाबाई पोरीच्या टोपडीची गाठ सारखी करत होती.

"महागूभाऊ. गाडी सुटन."

महागूची बोटं काठाला घट्ट होती. पाय रोवलेले होते. सारं अंग तयार होतं. फक्त घसा त्यानं आपल्याजवळ ठेवला.

शेवटी टिकारामनंच "धरा" म्हटलं. मग लगेच, कुणाचा श्वास भरायच्या आत, "उचला." त्याची बाजू वर गेली, समोरची खालीच राहिली, झाकण सरकलं आणि तांदूळ फलाटावर सांडायला लागला. महागूचा कोपरा जिथं होता तिथंच सरळ होता.

टिकारामनं कोठी टेकवली. कपाळ पुसलं. जुन्या दोघांकडं पाहून त्यानं हसायचा प्रयत्न केला, आणि महागूचाच सूर लावला.

"टिकारामची सासू..."

तो थांबला. हैस्सा कुणीच म्हटलं नाही.