मीनाक्षीच्या दारी घेतलेलं नाव

केनवडच्या दुर्गाबाईनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात बायांनी उखाण्यासाठी घेरलं तेव्हा ती एवढीशी पोर भोकाड पसरून रडली होती आणि सासूनंच तिला सोडवून नेलं होतं. पुढं 'अवो' आणि 'रामकिसनचे बाबा' एवढ्यावर अख्खा संसार झाला, सुना आल्या, कुठं काही अडलं नाही. अडलं ते थेट मदुराईला.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, गहू-हरभरा घरात आल्यावर, रिसोडच्या गुलाबसिंगानं रामेश्वरच्या यात्रेची गाडी काढली. तिचा नवरा पुंजाजी हो-नाही करत होता, पण दुर्गाबाईनं फराळाचे डबे भरून ठेवले तेव्हा तो मुकाट्यानं गाडीत बसला. मदुराईला मीनाक्षीचा उत्सव चालू होता. देवळाच्या चारी दिशांना आभाळाला टेकलेली गोपुरं आणि त्यांच्या अंगावर नखाएवढीही जागा न सोडता बसवलेले रंगीत देव.

"एकमेकाले सोडू नका," गुलाबसिंगानं बजावलं. "चारी दारं सारखीच दिसतेत."

"माह्या मागं मागं ये," पुंजाजी बायकोला म्हणाला.

दर्शन झालं. बाहेर येताना एका मंडपात पोपटांचे पिंजरे दिसले आणि दुर्गाबाईचा पाय अडखळला. एक पोपट तमिळमध्ये काहीतरी बोलत होता.

"राम राम म्हन, मिठू," ती म्हणाली. पोपटानं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं आणि आपलंच बोलणं पुढं चालू ठेवलं. तिला हसू आलं. "अवो, पाहा ना," म्हणत ती वळली, तर शेजारी कपाळभर भस्म लावलेला कोणी अनोळखी म्हातारा उभा होता.

ती दारातून बाहेर आली. गाडीतलं कोणी नाही. भिंतीच्या कडेकडेनं पुढच्या दाराशी गेली, तिथंही तसंच गोपूर, तशीच गर्दी. अनवाणी तळपाय तापलेल्या फरशीवर चांगलेच भाजत होते. एका मोगरेवालीनं ते पाहिलं, आपल्या पोत्यावर तिला बसवलं, पायांवर पाणी शिंपडलं आणि केसांत गजऱ्याचा तुकडा खोवला. एक वऱ्हाडीत बोलत होती, एक तमिळमध्ये, पण बाई चुकली आहे एवढं मोगरेवालीला बरोबर कळलं. तिनं दुर्गाबाईचा हात धरला आणि भोंगा लावलेल्या मंडपात नेलं.

तिथला स्वयंसेवक पलटणीत राहिलेला, हिंदी जाणणारा. "माताजी, पति का नाम बताइए."

दुर्गाबाईनं पदर दातात धरला. "हमारे में नाम नहीं लेते, बाबा."

त्यानं ते मोगरेवालीला सांगितलं, तशी ती खळखळून हसली. "ये भी नहीं लेती," स्वयंसेवक म्हणाला. "अच्छा, बेटे का नाम?"

"रामकिसन."

भोंग्यावरून रामकिसनच्या वडिलांना हाक गेली. थोड्या वेळानं धापा टाकत एक पगडीवाले आले, बिकानेरचे. मागोमाग इंदूरकडचे दुसरे. दोघांचेही रामकिसन आपापल्या घरी सुखरूप होते. बिकानेरवाल्यांनी तिथंच बैठक मारली, "बहनजी का काम होने दो, फिर जाऊँगा."

शेवटी स्वयंसेवकानं माईकच तिच्यापुढं धरला. नुसतं नाव कसं घ्यायचं? मग तिनं डोळे मिटले आणि लग्नात अडलेली गोष्ट एका दमात म्हणून टाकली:

"मीनाक्षी मायच्या वेणीत मोगऱ्याचा गजरा,
पुंजाजीले शोधू शोधू थकल्या माह्या नजरा."

तो आवाज चारी गोपुरांवर आपटून परत आला. मोगरेवालीला शब्द कळले नाहीत, तरी तिनं टाळ्या वाजवल्या.

धोतराचा सोगा धरून पुंजाजी गर्दीतून आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मागं गाडीतली सगळी मंडळी होती.

"कुठं व गेलती? जीव टांगनीले लागला माहा."

"मी तं पोपटापाशीच होती. तुमीच पुढं गेले."

"रामकिसनच्या बापाची हाक मले दुसऱ्याचीच वाटली. पुंजाजी ऐकलं तवाबी पह्यले वाटलं, हा दुसराच कोनी असन," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मंग वाटलं, इथं वऱ्हाडीत कोन बोलनार?" मग त्यानं विचारलं, "माह्या नावाच्या पुढचं नीट नाई ऐकू आलं. काय म्हनलं तुनं?"

"आता नाई म्हनत," दुर्गाबाई म्हणाली.

बिकानेरवाल्यांना आणि मोगरेवालीला हात जोडून सगळे खाणावळीत गेले. केळीच्या पानावर भाताचे ढीग पडले. गुलाबसिंगानं पुंजाजीला छेडलं, "पाटील, आता तुमची पाळी." पुंजाजीनं बराच वेळ डोकं खाजवलं. यमक काही जुळेना.

"दुर्गा," तो शेवटी सरळच म्हणाला, "ताक घेतं का?"

हे नाव त्याच्या तोंडून तिनंही आजच ऐकलं होतं. तिनं वाटी पुढं केली आणि गाडीतल्या बाया इतक्या हसल्या की वाढणारा पोरगा पातेलं घेऊन तसाच उभा राहिला.